आपल्या अंगणातील गुलाब



गुलाब हे बंगलेवाल्यांचे फूल आहे, आणि ज्याच्या पदरी माळी नाही त्याने गुलाबाच्या वाटेस जाऊ नये, असा एक समज आपल्या समाजात खोल रुजलेला आहे. आम्ही ज्या वर्गात वावरतो त्या वर्गात तर तो विशेषच दृढ आहे. कामगार वसाहतीत दारोदार तुळस असते, सदाफुली असते, जास्वंद असते. मोगरा तेलाच्या रिकाम्या डब्यातही गुण्यागोविंदाने नांदतो. गुलाब मात्र मोठ्या हौसेने आणला जातो, दोन-तीन महिने तग धरतो आणि वाळून जातो. मग घरची माणसे म्हणतात, "आपल्याला गुलाब लाभत नाही." आमचे म्हणणे असे की, लाभणे वा न लाभणे हा येथे नशिबाचा प्रश्नच नाही. तो निवडीचा प्रश्न आहे, आणि झाडाची रीत समजून घेण्याचा प्रश्न आहे. शे-दीडशे रुपयांचे कलम मेले तर शेठजींचे काही जात नाही; पण ज्याच्या घरात तेवढ्या पैशांत दोन दिवसांची भाजी येते, त्याचे पैसेही जातात आणि उमेदही जाते. म्हणून हा विषय आम्हांला क्षुल्लक वाटत नाही.

आम्ही काही वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हे. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि सार्वजनिक वाचनालयात बरेच झाले. आयुष्य संघटनेच्या कामात गेले. वाचले, माळ्यांना विचारले आणि अंगणात पडताळून पाहिले, तेवढेच येथे मांडणार आहोत.

पहिली गोष्ट अशी की, 'गुलाब' या एका नावाखाली निरनिराळ्या कुळांची आणि निरनिराळ्या स्वभावांची झाडे येतात. युरोपातील जुने गुलाब बहुतेक वर्षातून एकदाच फुलत. आपल्याकडे पुष्करच्या परिसरात वा कनौज-अलीगढकडे अत्तर आणि गुलाबपाण्यासाठी जो सुगंधी गुलाब होतो तोही याच स्वभावाचा; वसंतात एकदा फुलतो, म्हणून त्याला 'चैती' म्हणतात. चीनमधील गुलाबांचा गुण वेगळा होता. ते पुन:पुन्हा फुलत. अठराव्या शतकाच्या अखेरीस हे चिनी गुलाब युरोपात पोहोचले आणि त्यांच्या संकरातून गुलाबाचा सारा संसारच बदलला. १८६७ साली फ्रान्समध्ये गियो यांनी 'ला फ्रान्स' हा गुलाब काढला. त्यापासून 'हायब्रिड टी' या वर्गाचा आरंभ झाला असे मानतात. लांब दांड्यावर एकच टपोरे, निमुळत्या कळीचे फूल, हे जे चित्र 'गुलाब' म्हणताच आपल्या डोळ्यांसमोर उभे राहते, ते या वर्गाचे होय. दुसरा वर्ग 'फ्लोरिबंडा'. याची फुले लहान, पण घोसाने येणारी. तिसरा 'मिनिएचर', म्हणजे वीतभर उंचीचा बटणगुलाब. चौथा वर्ग वेलीगुलाबांचा.

आता आपण रोपवाटिकेत जातो तेव्हा काय करतो? जे फूल सर्वांत मोठे दिसते ते उचलतो. येथेच पुढील दु:खाचे बीज पेरले जाते. मोठ्या फुलाच्या हायब्रिड टीला ऊन भरपूर लागते, खुराक भारी लागतो आणि तिची निगा काटेकोर ठेवावी लागते. फ्लोरिबंडाचे फूल लहान, पण झाड काटक. एक फूल गेले तरी घोसात दुसरे असतेच. ज्याचा हा पहिलाच गुलाब आहे त्याने आरंभ फ्लोरिबंडाने किंवा जुन्या गावठी गुलाबाने करावा, असे आम्ही आग्रहाने सांगतो.

गावठी गुलाब म्हटल्यावर नाक मुरडण्याचे कारण नाही. देवाच्या हाराला आणि गुलकंदाला जो गुलाबी, सुवासिक गुलाब आपण वापरतो, त्याला बाजारात 'एडवर्ड' म्हणतात. ते नाव इंग्लंडच्या सातव्या एडवर्डावरून पडले असे पुष्कळांना वाटते. परंतु हा राजा १८४१ साली जन्मला, आणि हा गुलाब त्याच्या आधी वीस वर्षे हिंदी महासागरातील बूर्बाँ, म्हणजे आजच्या रेयुनियाँ बेटावर ठाऊक होता. मूळ नाव फ्रेंच 'एदुआर'. समुद्रावरच्या उष्ण बेटाशी नाते असलेले हे झाड आपल्या उन्हाला भीत नाही, यात नवल ते काय? तसाच दुसरा 'ग्रुस आन टेप्लिट्झ', १८९७ सालचा, गेश्विंड यांनी काढलेला. किरमिजी, सुगंधी आणि चिवट. मान थोडी खाली घालतो एवढाच त्याचा दोष. 'ग्लॅडिएटर' हा १९५५ सालचा गर्द गुलाबी-लाल हायब्रिड टी आपल्या शेतकऱ्यांनी उघड्या रानात पिढीभर लावला. जे झाड शेतात उन्हातान्हात पोट भरण्याइतके उत्पन्न देते ते अंगणात सहसा दगा देत नाही. उंच, गुलाबी, काट्यांना कमी असा 'क्वीन एलिझाबेथ' १९५४ चा, आणि पांढरा फ्लोरिबंडा 'आइसबर्ग' १९५८ चा. हे दोन्हीही नवशिक्याला सांभाळून घेणारे. शेंदरी 'सुपरस्टार' दिसावयास मोहक खरा, पण त्याला भुरी लवकर धरते हे जाणूनच घ्यावा.

येथे एका थोर पुरुषाचे स्मरण करणे आम्हांला अवश्य वाटते. डॉ. बेंजामिन पिअरी पाल हे दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेचे १९५० ते १९६५ पर्यंत संचालक होते, आणि पुढे भारतीय कृषि संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक झाले. त्यांचे मुख्य कार्य गव्हावरचे. तांबेरा रोगाने गव्हाचे पीक बुडते, म्हणून तांबेऱ्यास दाद न देणारे वाण त्यांनी वर्षानुवर्षे खपून सिद्ध केले, 'एन. पी. ८०९' हा त्यांतला प्रसिद्ध. आणि याच माणसाने फावल्या वेळात गुलाबाचे संकर केले. 'दिल्ली प्रिन्सेस', 'बंजारन', 'हिमांगिनी', 'डॉ. होमी भाभा' हे त्यांचे गुलाब. १९६६ साली त्यांचा 'द रोझ इन इंडिया' हा ग्रंथ निघाला. ज्याने देशाच्या भाकरीची चिंता वाहिली त्याला फुलाची चिंता वाहणे कमीपणाचे वाटले नाही. "आधी पोटाचे पाहा, मग फुलाचे," असे आम्हांला पुष्कळ कार्यकर्ते ऐकवतात. त्यांना आम्ही पालांचे नाव सांगतो. पोट आणि फूल ही परस्परांची वैरी नाहीत. ज्याच्या कामाचे तास माणसाला शोभतील इतकेच आहेत, त्यालाच सांजेला झाडाजवळ बसता येते; आणि ज्याला झाडाजवळ बसण्याची गोडी लागली, तो त्या तासांसाठी अधिक निकराने भांडतो.

असो. पालांच्या कामातला दुसरा धडा असा की, गुलाब आपल्या हवेत वाढलेला आणि आपल्या हवेत पारखलेला असावा. विलायती पुस्तके वाचून आपल्याकडे फार घोटाळे झाले आहेत. तिकडे थंडीत जमीन गोठते, म्हणून कलमाचा सांधा मातीखाली पुरावा असे ते सांगतात. आपल्याकडे बर्फ नाही, ओल आणि बुरशी आहे, म्हणून सांधा मातीच्या वर दोन बोटे राहिला पाहिजे. तिकडे छाटणी हिवाळा सरताना करतात; आपल्याकडे ती पावसाळा सरताना करावी लागते. पुस्तक खोटे नसते. ते दुसऱ्या मातीचे असते, इतकेच.

कलमाचा सांधा म्हणजे काय, तेही थोडे उकलून सांगतो. बाजारातले बहुतेक गुलाब दोन झाडांचे मिळून बनलेले असतात. खाली रानटी, दणकट जातीचा खुंट; आणि त्याच्या सालीत इंग्रजी 'टी' अक्षरासारखी चीर देऊन बसवलेला उंची जातीचा एक डोळा. हे डोळे भरण्याचे काम म्हणजे हाताची खरी करामत. माळी उकिडवा बसून दिवसाकाठी शेकडो डोळे भरतो. साल फाटली की डोळा गेला, बांधणी सैल राहिली की डोळा गेला. आपण फुलाला आलेल्या जातीचे नाव विचारतो. ज्याच्या बोटांनी तो डोळा जगवला त्याचे नाव कोणी विचारीत नाही.

खुंट आणि डोळा यांचे हे नाते समजले की अर्ध्या तक्रारी मिटतात. "माझा गुलाब पूर्वी लाल फुले देई; आता नुसता रान माजला आहे," असे जो म्हणतो त्याच्या झाडाचा डोळा मेलेला असतो आणि खुंट वाढलेला असतो. सांध्याच्या खालून येणारा प्रत्येक फुटवा मुळाशी माती उकरून, ओढून काढावा. वरवर कापला तर तो दुप्पट जोमाने येतो. सात पानांचा फुटवा रानटी आणि पाच पानांचा खरा, असा ठोकताळा लोक सांगतात. तो विश्वसनीय नाही; चांगल्या गुलाबांनाही सात पाने येतात. फुटवा कोठून निघाला, एवढेच पाहावे.

खरेदीच्या वेळी फूल पाहू नये, बूड पाहावे. सांधा भरीव आहे काय? डोळ्यातून निदान दोन जाड फांद्या निघाल्या आहेत काय? पानांच्या पाठी स्वच्छ आहेत काय? कित्येकदा कलम चिकणमातीच्या घट्ट गोळ्यात बांधून येते. तो गोळा तसाच पुरला तर मुळे त्यातच कोंडतात. लावण्यापूर्वी तो पाण्यात भिजवून हलक्या हाताने मोकळा करावा. आणि एक इशारा. निळ्या गुलाबाची, काळ्या गुलाबाची, सप्तरंगी गुलाबाची रंगीत चित्रे दाखवून रोपे आणि बिया विकल्या जातात. हल्ली हा व्यापार फोनवरूनही चालतो. गुलाबाच्या अंगी निळे रंगद्रव्य करण्याची शक्तीच नाही. जपानमध्ये सनटोरी या कंपनीने दुसऱ्या फुलाचे जनुक घालून 'निळा' म्हणून एक गुलाब सिद्ध केला आणि २००९ साली विक्रीस आणला. तोसुद्धा दिसतो जांभळट. तेव्हा निळ्या गुलाबाचे बी घेऊ नये. तसेच, फेब्रुवारीत मावळातून देशोदेशी जाणारे 'ताजमहाल', 'टॉप सीक्रेट' यांसारखे गुलाब प्लॅस्टिकच्या हरितगृहात वाढवण्यासाठी निवडलेले असतात. अंगणात त्यांच्याकडून तशाच फुलाची अपेक्षा धरणे त्यांच्यावर अन्याय होय.

जागा निवडताना एकच कसोटी लावावी. तेथे दिवसाकाठी पाच-सहा तास ऊन पडते काय? त्यातही सकाळचे ऊन उत्तम. रात्रीचे दव त्याने लवकर सुकते. ऊन त्याहून कमी असेल तर गुलाबाचा हट्ट सोडावा. ऊन असून जमीन नसेल, तर बारा इंची कुंडी चालते. बटणगुलाबाला आठ इंची पुरते.

जमिनीत लावायचे तर दोन फूट लांब, तितकाच रुंद व खोल खड्डा घ्यावा. देशावरची काळी चोपण माती पाणी धरून ठेवते आणि मुळे गुदमरतात. म्हणून तळाशी विटांचे तुकडे वा मुरूम घालावा, आणि मातीत वाळू व भरपूर कुजलेले शेणखत मिसळावे. कोकणच्या तांबड्या मातीतून पाणी झरझर निघून जाते. तिथे शेणखत व पालापाचोळ्याचे खत अधिक घालावे. सोबत दोन मुठी निंबोळी पेंड आणि मूठभर हाडांचा चुरा. हायब्रिड टीच्या दोन झाडांत अडीच-तीन फूट, फ्लोरिबंडात दोन फूट अंतर ठेवावे. दाटीवाटी झाली की रोग एका झाडावरून दुसऱ्यावर जातात, हे चाळीत राहिलेल्यांना आम्ही वेगळे सांगायला नको. कोकणातल्या आणि मुंबईतल्या श्रोत्यांनी फार पाकळ्यांची फुले टाळावीत. दमट हवेत ती कळीतच कुजतात. मोकळ्या, कमी पाकळ्यांची फुले तिथे सुखाने उमलतात.

आता छाटणी. हिच्याविषयी लोकांच्या मनात विनाकारण भय आहे. गुलाबाचे फूल नव्या फुटीच्या टोकाला येते. जुनी फांदी तशीच ठेवली तर फूट बारीक आणि फूल लहान, हे साधे गणित आहे. पाऊस सरला, जमीन वापशाला आली, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यास छाटणी करावी. मेलेल्या, रोगट, एकमेकींवर घासणाऱ्या आणि पेन्सिलीपेक्षा बारीक फांद्या आधी काढाव्यात. उरलेल्या चार-पाच चांगल्या फांद्या दीड-दोन फुटांवर, बाहेरच्या अंगाला तोंड असलेल्या डोळ्याच्या किंचित वर, तिरप्या कापाव्यात. डोळा बाहेर पाहणारा असला की झाड पसरट होते आणि मधोमध हवा खेळते. कापल्या तोंडांना बोर्डोपेस्ट लावावी; शेंडा काळा पडून फांदी खाली वाळत येते तो मर रोग अशाच उघड्या जखमेतून शिरतो. छाटणीनंतर साधारण दीड महिन्याने पहिला बहर येतो. म्हणजे मध्य-ऑक्टोबरची छाटणी डिसेंबरच्या आरंभी फुले देते. दुसरी, हलकी छाटणी उन्हाळा संपताना, पावसाच्या तोंडावर करावी. नव्या कलमाची मात्र पहिल्या दोन महिन्यांतील कळी खुडून टाकावी. फार जिवावर येते. पण कोवळ्या पोराला ओझे उचलायला लावू नये, हा नियम झाडालाही लागू आहे.

रोगकिडींचे एक वेळापत्रक असते. ते कळले की धावपळ वाचते. काळ्या ठिपक्यांची बुरशी रुजण्यासाठी पान सलग सहा-सात तास ओले राहावे लागते; म्हणून ती पावसाळ्यात येते. उपाय त्यातच आहे. पाणी सकाळी घालावे, बुडाशी घालावे, पानांवर शिंपडू नये, आणि गळलेली पाने वेचून दूर टाकावीत. भुरीला ओल्या पानाची गरज नाही. दिवस उबदार आणि रात्री थंड असल्या की ती येते, म्हणून तिचा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पाण्यात विरघळणारे गंधक लिटरला दोन ग्रॅम फवारावे. मात्र कडक उन्हात नव्हे, पाने करपतात. मार्चपासून कोरड्या उष्म्यात लाल कोळी येतो; तो पानाच्या पाठीशी बसतो, म्हणून सकाळच्या वेळी पानांच्या पाठीवर पाण्याची जोरदार धार मारावी. ऊन चढण्यापूर्वी पाने सुकतात, तेव्हा येथे ओलीचे भय नाही. कोवळ्या शेंड्यावरचा मावा बोटांनी पुसला तरी जातो.

याहून जहाल विषे घरच्या बागेत आणू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसएक शेतकरी आणि शेतमजूर मेले. शेकडो आजारी पडले. त्यांना हातमोजे नव्हते, तोंडाला नीट आवरण नव्हते. जे विष रानात धडधाकट माणसाला मारते ते आपण चार फुटांच्या अंगणात, जिथे पोरे रांगतात तिथे, एका फुलासाठी का शिंपडावे? निंबोळी तेल लिटरला पाच मिली, त्यात चिमूटभर साबण, एवढे बहुतेक वेळा पुरते. जे त्याने भागत नाही ते सोसावे. चार पाने खाल्लेला गुलाबही गुलाबच असतो. आणि गुलकंद करायचा तर बाजारातली फवारलेली फुले घेऊ नयेत. घरच्या गावठी गुलाबाचाच करावा.

शेवटचा प्रश्न पाण्याचा, आणि तो आमच्या दृष्टीने सर्वांत गंभीर आहे. मराठवाड्यात आणि माणदेशात चैत्र-वैशाखात बायका हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. अशा प्रांतात गुलाबाला पाणी घालणे शोभते काय? हा प्रश्न टाळून गुलाबावर बोलणे आम्हांला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. आमचे उत्तर असे. जमिनीत मुळे धरलेल्या झाडाला उन्हाळ्यातही रोज पाणी लागत नाही. बुडाशी पालापाचोळ्याचा किंवा उसाच्या पाचटाचा चार बोटे थर दिला तर दोन-तीन दिवसांआड एक बादली पुरते. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेले पाणी त्याला उत्तम. साबणाचे मात्र नको. तेव्हा झाडांची संख्या जागेवरून ठरवू नये आणि हौसेवरूनही ठरवू नये. वैशाखात घरातून असे वापरून झालेले पाणी किती निघते, त्यावरून ठरवावी. दोन झाडांपुरते निघत असेल तर दोनच लावावीत. कुंडीला पाणी अधिक वेळा लागते, हेही हिशेबात धरावे. माणसाच्या तोंडचे पाणी काढून जो गुलाब फुलतो त्याचा रंग आम्हांला पाहवणार नाही. पण ताटातले धुवण फेकून देण्याऐवजी ज्याच्या बुडाशी ओतले तो गुलाब कोणाचेही काही घेत नाही.

तात्पर्य, चित्र पाहून गुलाब निवडू नये; आपले ऊन, आपली माती, आपले पाणी आणि आपला वेळ यांकडे पाहून निवडावा. या चार गोष्टी ज्याने आधी मोजल्या, त्याचा गुलाब बहुधा जगतो. यंदाच्या पावसानंतर ज्यांना छाटणी वा लावणी करावयाची आहे त्यांनी आतापासूनच शेणखत कुजत घालावे. चांगले खत व्हायला तेवढे महिने लागतातच. आणि ज्याच्या घरचे झाड चांगले वाढेल, त्याने छाटणीच्या वेळी शेजाऱ्याला हाक मारावी. गावठी गुलाबाच्या छाटलेल्या फांद्यांचे वीतभर तुकडे ओल्या वाळूत खोचले तरी त्यांतले काही मुळे धरतात. आणि तेवढ्याने, एक पैही न खर्चता, दुसऱ्या अंगणात गुलाब उभा राहतो.